विमानावर दुसरा हात

कवळीवाल्यांना पहिला संशय आला तो एका कुसळावरून.

ते दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचे, म्हणून ओळखीपाळखीतले सगळे, अगदी बायकोच्या माहेरचेसुद्धा, त्यांना कवळीवाले म्हणत. दुकानाच्या मागे त्यांची एक लांबट खोली होती. तिथे पुढच्या टेबलावर लोकांचे दात तयार होत आणि मागच्या अर्ध्या भागात विमान उभं असे. खेळण्यातलं विमान म्हटलं की कवळीवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत. शेतांवर औषध फवारणारं एक जुनं दुपंखी विमान होतं, त्याच्या बरोबर एक तृतीयांश मापाचं हे होतं. पंखांची लांबी दोन माणसांच्या पसरलेल्या हातांएवढी, वजन चोवीस किलो, पेट्रोलवर चालणारं इंजिन. ते बनवायला सहा वर्षं गेली होती. पत्र्यावरचे रिव्हेट त्यांनी इंजेक्शनच्या सुईतून डिंकाचा एकेक थेंब टाकून उठवले होते, पाच हजारांच्या वर. धुराड्याखालचा तेलकट काळा ओघळसुद्धा रंगवलेला होता. आत बसलेल्या बाहुल्या वैमानिकाचे दात खऱ्या चिनी मातीचे होते. जवळ जाऊन बघणाऱ्याला ते दिसत, आणि कोणी जवळ जाऊन बघितलं की कवळीवाल्यांचा तो दिवस चांगला जाई.

फक्त ते उडवणं त्यांना जमत नसे. विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डाव्याचं उजवं होतं. तिथे त्यांचे हात थिजत. अशी दोन छोटी विमानं त्यांनी जमिनीत घातली होती. म्हणून उडवायचे त्यांचे साडू. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, उंच, शिडशिडीत, आयुष्यभर बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेला माणूस. पन्नास मीटर वर बसून दोन दांड्यांवर कंटेनर हलवलेले हात. रिमोटच्या दोन कांड्या त्यांच्या बोटांना ओळखीच्याच वाटल्या. दर रविवारी दोघं साडूंच्या गाडीतून, पंख सोडवून, घोंगड्यात गुंडाळून विमान या छंदातल्या लोकांच्या क्लबच्या माळावर नेत. एकाने बनवायचं, दुसऱ्याने उडवायचं. बारा वर्षांत यावरून कधी शब्दाला शब्द लागला नव्हता. खोलीची एक किल्ली साडूंकडे असे, कारण इंजिनची देखभाल तेच करत.

ते कुसळ एका शुक्रवारी सकाळी दिसलं. डाव्या चाकावरच्या झाकणाच्या आत, वाळलेलं. रविवारी विमान परत आल्यावर कवळीवाल्यांनी दोन्ही चाकं टूथब्रशने साफ केली होती, आणि त्यांनी साफ केलं म्हणजे तिथे कुसळ राहत नसे. त्यानंतर विमान जागचं हललं नव्हतं. निदान हलायला नको होतं.

गुरुवारी ते शेजारच्या गावातल्या डॉक्टरांकडे दातांची मापं घ्यायला जात आणि संध्याकाळी परतत. म्हणजे जे काही झालं ते गुरुवारी.

रविवारी गाडीत त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं. "मधे विमान काढलं होतंत का?"

"नाही बुवा," साडू म्हणाले. "का?"

"काही नाही. चाकात कुसळ होतं."

"राहिलं असेल," साडू म्हणाले आणि खिडकीची काच खाली करू लागले.

कवळीवाल्यांना ते उत्तर फार पटकन आल्यासारखं वाटलं. साडू विचार करून बोलणारा माणूस. चहात साखर किती विचारली तरी क्षणभर थांबायचे.

त्या दिवशी उड्डाण चांगलं झालं नाही. साडूंनी विमान जवळच ठेवलं, नेहमीसारखं लांब नेलंच नाही आणि पाच मिनिटांत उतरवलं. वारा आहे म्हणाले. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबाला मरगळून लोंबत होती.

मग कवळीवाल्यांनी एक डबी आणली. काड्यापेटीएवढी, विमानात ठेवली की ते किती वेळ, किती उंच आणि किती वेगाने उडालं याची नोंद ठेवणारी. वैमानिकाच्या आसनाखाली त्यांनी ती चिकटवली, वरून काळा रंग फासला आणि कोणाला सांगितलं नाही. शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी डबी संगणकाला लावली.

गुरुवारी दुपारी चार उड्डाणं झाली होती.

ते बराच वेळ त्या रेषांकडे बघत बसले. पहिल्या उड्डाणाची रेषा जिन्याच्या कठड्यासारखी चढत गेलेली, वर सपाट, मग सरळ खाली. हा साडूंचा हात, डोळे मिटून सांगितलं असतं. पुढच्या तीन रेषा वेगळ्याच होत्या. चढताना अडखळत, वर गेल्यावर कमीजास्त होत, उतरताना दोनदा खाली येऊन घाबरून परत वर गेलेल्या. तिसऱ्यापेक्षा चौथी जरा शहाणी. त्यांच्या विमानावर दुसरा कोणाचा तरी हात पडला होता, आणि तो हात शिकाऊ होता.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. बायको इस्पितळात रक्ताचे नमुने घेण्याच्या कामावर होती. बुटकी, शांत बाई. लहान पोरांना सुई कधी टोचली ते कळायचं नाही असा तिचा लौकिक. बावीस वर्षांच्या संसारात ती माळावर दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा क्लबच्या खोलीत मासिक वाचत बसली होती.

"शिकवत असतील कोणाला तरी," ती म्हणाली.

"माझ्या विमानावर? मला न विचारता?"

"तुम्ही हो म्हणाला असतात का?"

"तो प्रश्नच नाही. खोटं बोलले ते माझ्याशी. तोंडावर."

तिने ताटातली भाजी संपवली. "एकदा सरळ विचारा त्यांना," ती म्हणाली, पण जरा थांबून म्हणाली. "नाहीतर थोडे दिवस जाऊ द्या. भाऊजी उगाच काही करणारे नाहीत."

कवळीवाल्यांनी सरळ विचारलं नाही. एकदा विचारून झालं होतं. पुन्हा विचारून पुन्हा खोटंच ऐकायचं, त्यापेक्षा पुरावा हातात असलेला बरा असं त्यांनी ठरवलं.

पहिल्यांदा त्यांचा डोळा फरशीवाल्यावर गेला. क्लबमधला हा गृहस्थ फरश्यांच्या दुकानाचा मालक, सगळं तयार विकत आणणारा, आणि गेल्या वर्षी दोनदा त्याने हे विमान विकत मागितलं होतं. साडू त्याला गुपचूप शिकवत असणार, आज ना उद्या दोघं मिळून विमान आपल्या हातून काढून घेणार, अशी सगळी मांडणी कवळीवाल्यांनी कवळ्या घासता घासता मनात पक्की केली. रविवारी फरशीवाल्याला त्यांनी आडून आडून विचारलं, "गुरुवारी दुपारी दुकान बंद असतं का हो तुमचं?" तो म्हणाला, "आमचं दुकान मी मेलो तरच बंद असेल."

त्याच दिवशी विमान जोडताना साडूंनी रिमोटचा पट्टा गळ्यात घातला. रिमोट नेहमी त्यांच्या पोटाशी यायचा. आज तो छातीशी अडकला. साडूंनी घाईघाईने पट्टा काढला आणि पाठ करून बकल दोन भोकं पुढे सरकवलं. कवळीवाल्यांनी बघितलं. पट्टा कोणीतरी बुटक्या माणसाने वापरला होता. फरशीवाला दारातून वाकून येणारा माणूस. त्याचं नाव तिथेच बाद झालं.

क्लबमधले बुटके लोक त्यांनी बोटांवर मोजले. दोन होते. एकाचा हात मोडला होता, दुसरा परदेशात मुलीकडे गेला होता.

मंगळवारी सकाळी बायको आरशासमोर केस विंचरत होती. उजेड तिच्या चेहऱ्यावर तिरका पडला होता. कपाळावर एक सरळ रेघ होती. रेघेच्या वर कातडी उजळ, खाली रापलेली. टोपी घालून उन्हात उभ्या राहणाऱ्या माणसाला पडते तशी. क्लबमधल्या प्रत्येकाच्या कपाळावर ती असते.

"उन्हात गेली होतीस?" त्यांनी विचारलं.

"शिबिर होतं ना इस्पितळाचं. मैदानात." तिने कंगवा ठेवला आणि पर्स घेऊन निघाली.

त्यांच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. दुपारी त्यांनी इस्पितळात फोन केला, आवाज बदलून, आणि रक्तदानाचं शिबिर पुन्हा कधी आहे म्हणून विचारलं. पलीकडची बाई म्हणाली, या वर्षी अजून एकही झालेलं नाही. गुरुवारी दुपारनंतर बायकोला सुट्टी असते हे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं, फक्त त्याचा कधी हिशेब केला नव्हता.

संध्याकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा त्यांनी तिची पर्स उघडली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. आत एक मोठा काळा चष्मा होता, कधी न पाहिलेला. घडी घातलेली टोपी होती. आणि एक छापील कार्ड होतं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर साडूंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं, 'गुरुवार, तीनला घेतो.' त्यांनी कार्ड उलटूनही पाहिलं नाही. पर्स बंद करून जागेवर ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन दोन ग्लास पाणी प्यायले.

ती रात्र आणि पुढचा दिवस त्यांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. एका गिऱ्हाइकाच्या कवळीत त्यांनी सुळे उलटसुलट बसवले. साडूंचा खोटेपणा, पट्टा, रेघ, कार्ड. सगळं जुळत होतं आणि जुळून एकच चित्र होत होतं. विमान नुसतं निमित्त, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. बुधवारी संध्याकाळी ते मेहुणीकडे गेले.

बायकोची थोरली बहीण, जिला घरात सगळे ताई म्हणत, कपडे दुरुस्तीचं काम करायची. शिलाई मशीनच्या उजेडात बसून ती एका पॅन्टची शिवण उसवत होती. साडू घरात नव्हते.

"ताई, दादा गुरुवारी दुपारी कुठे असतात?"

"फिरायला जातात. गुडघ्यासाठी." तिने वर पाहिलं. "का?"

"धाकटीपण गुरुवारी घरी नसते."

ताईने ऐकलं. आधी तिला कळलं नाही. मग कळलं. तिने हातातली पातळ कात्री टेबलावर ठेवली.

"काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?"

"मी काही बोलत नाही. मी फक्त काय काय बघितलं ते सांगतो." आणि त्यांनी कपाळावरच्या रेघेपासून कार्डापर्यंत सगळं सांगितलं. सांगताना आपला आवाज आपल्यालाच परका वाटतोय हे त्यांच्या लक्षात आलं, पण थांबता आलं नाही.

ताईने मशीनवरचा दिवा बंद केला. "उद्या मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "आणि हे खोटं निघालं, तर माझ्या दारात पाय ठेवू नका."

गुरुवारी कवळीवाले नेहमीसारखे घरातून निघाले, पण शेजारच्या गावाला गेले नाहीत. साडेचारला दोघं बसने माळाच्या फाट्यावर उतरली. तिथून वीटभट्टीच्या भिंतीच्या कडेने दहा मिनिटं चालायचं. अर्ध्या वाटेवरच इंजिनचा आवाज यायला लागला. भिंत संपली तिथे ताई थांबली, आणि कवळीवाले तिच्या मागे थांबले.

माळावर दोनच माणसं होती. साडू दोन हात मागे बांधून उभे होते. त्यांच्यापुढे दोन पावलांवर, टोपी आणि काळा चष्मा घातलेली, गळ्यात रिमोट अडकवलेली कवळीवाल्यांची बायको उभी होती आणि तिची मान विमानाबरोबर सावकाश फिरत होती. विमान वर होतं. पिवळं, दुपंखी, उन्हात खरं वाटावं इतकं खरं. ते दूरच्या झाडांवरून वळलं आणि त्यांच्याकडे तोंड करून यायला लागलं. इथेच कवळीवाल्यांच्या हातून विमान जात असे. तिचे हात हललेसुद्धा नाहीत. एक पंख किंचित कलला. अंगठा जरासा सरकला. पंख सरळ झाला.

ताई तरातरा चालत निघाली होती.

"धाकटे," तिने लांबूनच हाक मारली. "काय चाललंय हे?"

बायकोचे खांदे ताठ झाले. विमानाने नाक खाली घातलं.

"कोणी बोलू नका आत्ता," साडू म्हणाले. ते मागे वळलेही नाहीत. त्यांचा आवाज क्रेनवरून खाली ओरडायचा तसा सपाट होता. "धाकटे, विमान कुठे आहे ते तू बघतेस. मी बघत नाही. कळलं ना? नाक वर घे. वेग राहू दे. घाई नाही."

"पेट्रोल संपत आलंय," ती म्हणाली.

"मग उतरव."

ताई जागीच थांबली. चोवीस किलोचं विमान माणसाच्या अंगावर आलं तर काय होईल हे सांगायला लागत नव्हतं. कवळीवाले भिंतीपाशीच होते. सहा वर्षांचं काम हवेत होतं, पण त्यांनी नंतर प्रामाणिकपणे कबूल केलं की त्या अर्ध्या मिनिटात ते विमानाकडे बघत नव्हते. ते बायकोच्या हातांकडे बघत होते.

तिने विमान लांबून वळवलं, इंजिन मंदावलं आणि ते गवतावर सरळ रेषेत खाली येत गेलं. चाकं टेकली, एक उसळी, मग पुन्हा टेकली. शेपटीचं चाक कडेच्या दगडाला लागून वाकलं. विमान थांबलं. तिने इंजिन बंद केलं, रिमोट गळ्यातून काढून खाली ठेवला आणि मग ती मागे वळली.

"आता बोल, ताई," ती म्हणाली.

ताईने तिच्याकडे न बघता नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही बोला. 'मी बघत नाही' म्हणजे काय?"

साडूंनी टोपी काढली. "उजवा डोळा गेलाय," ते म्हणाले. "मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. डावाही जायला लागलाय. विमान लांब गेलं की कुठल्या कुशीवर आहे ते कळत नाही मला. दीड वर्ष झालं."

"दीड वर्ष."

"तपासणीच्या आधी रक्त द्यायला इस्पितळात गेलो, तिथे हिने कागद बघितला. हिला शपथ घातली मी. कवळीवाल्यांना कळलं असतं तर त्यांनी विमान छताला टांगून ठेवलं असतं. म्हटलं, हिचे हात चांगले आहेत, हिला तयार करू. आठ महिने माझ्या छोट्या फोमच्या विमानावर शिकली. या मोठ्यावर सहा आठवडे झाले. क्लबच्या वार्षिक दिवशी सांगणार होतो सगळ्यांना." ते थांबले. "गाडीसुद्धा हीच चालवते परतताना."

ताई खाली गवतात बसली. डोळ्यांचं दुखणं नवऱ्याने तिच्यापासून लपवलं होतं आणि तिच्या बहिणीने त्यात साथ दिली होती; तिला दुसऱ्या कशापेक्षा ते जास्त लागलं होतं. ती रडली नाही. नवऱ्याला म्हणाली, "जिन्यावर पडलात ते गुडघ्यामुळे नाही तर." साडूंनी मान हलवली.

मग तिने मान वर करून बहिणीला सांगितलं. "आणि तुझा नवरा काल माझ्याकडे काय सांगायला आला होता, विचार त्याला."

बायकोने भिंतीकडे पाहिलं. कवळीवाले तोवर जवळ आले होते. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या लक्षात येत गेलं.

"पर्स तुम्ही उघडलीत," ती म्हणाली. "कार्ड उलटं ठेवलेलं होतं. मला वाटलं माझ्याच हातून झालं."

"कार्डावर दादांचं अक्षर होतं."

"पुढे डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव होतं."

साडूंना काय चाललंय ते आत्ता कळलं. त्यांचा चेहरा पडला. ते रागावतील असं कवळीवाल्यांना वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते विमानापाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि वाकलेलं शेपटीचं चाक हाताने चाचपून बघू लागले.

परतताना गाडी बायकोने चालवली. गाडीत चार माणसं होती, मागे घोंगड्यात पंख होते.

ताईने आपला शब्द पाळला. कवळीवाले चार महिने तिच्या घरी गेले नाहीत. एकदा ते दारापर्यंत गेले होते, नवी काठी घेऊन, साडूंसाठी. ताईने काठी घेतली आणि दार लावून घेतलं. साडूंना डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. डावा डोळा वाचला, उजव्याचं काही होणार नव्हतं. किल्ली त्यांनी पहिल्याच आठवड्यात धाकटीच्या हाती परत पाठवली होती. कवळीवाल्यांनी माफी मागायला फोन केला तेव्हा ते म्हणाले, "माझंही चुकलंच. मी खोटं बोललो तुमच्याशी." आणि मग म्हणाले, "पण कवळीवाले, तुम्हाला बावीस वर्षं ओळखतो मी." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

वार्षिक दिवसाला ते आले, ताईच्या हाताला धरून. त्यांना खुर्ची दिली गेली. त्यांचं तोंड आकाशाकडे नव्हतं, खाली होतं. ते इंजिन ऐकत होते. बायकोने विमान उडवलं. तिने कसरती केल्या नाहीत. खरं फवारणीचं विमान जसं शेतावरून खालून जातं, शेवटाला उठतं, वळतं आणि पुन्हा खालून येतं, तसं तिने माळावर पट्ट्यापट्ट्याने उडवलं. लोक उठून उभे राहिले. फरशीवाला कवळीवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अहो, हे आजवर लपवून का ठेवलंत?"

त्या संध्याकाळी दोघं मागच्या खोलीत विमान पुसत होती. ती पंखावरचं तेल काढत होती, ते पोटाखालचं. कवळीवाल्यांनी इतक्या महिन्यांत तिची कितीदा तरी माफी मागितली होती, आणि तिने प्रत्येक वेळी "असू दे" म्हटलं होतं. आज ती आपणहून बोलली.

"एक विचारू? खरं सांगायचं."

"विचार."

"तुम्हाला खरंच तसं वाटलं होतं?"

खोटं बोलायची संधी होती. "हो," ते म्हणाले. "दोन दिवस."

"आणि पट्टा बघितलात, टोपीची रेघ बघितलीत, डबीतल्या त्या रेषा बघितल्यात." ती पुसायची थांबली नाही. "मी उडवत असेन, हे एकदाही मनात आलं नाही?"

ते विमानाखाली बसून विचार करत राहिले. त्यांना खरं उत्तर द्यायचं होतं आणि खरं उत्तर शोधायला वेळ लागला.

"नाही," ते म्हणाले.

"बाकीचं झालं गेलं," ती म्हणाली. "ते मात्र अजून जात नाही माझ्या मनातून."

तिने फडकं बादलीत पिळलं. खालच्या पंखाच्या टोकापाशी कापड एका जागी सैल झालं होतं; गरम इस्त्री फिरवली की ते पुन्हा ताणून बसतं. तिने तिथे बोट ठेवून त्यांना दाखवलं. कवळीवाले उठले, इस्त्री गरम करायला लावली, आणि ती तापेपर्यंत दोघं त्या सैल जागेच्या दोन बाजूंना उभी राहिली.